आधी मागणी, मग मंच

वाचकाचं पत्र:

"मी निवृत्त शिक्षिका आहे. आमच्या भागातल्या एका रुंद रस्त्यावर शाळा, दवाखाना आणि बसथांबा अगदी जवळजवळ आहेत. तिथे सिग्नल आहे, पांढरे पट्टेही आहेत, पण चालणाऱ्यांसाठीचा हिरवा दिवा इतका कमी वेळ असतो की म्हातारी माणसं दुभाजकावरच अडकतात. दोन महिन्यांपूर्वी तिथे शाळेतल्या एका मुलाला गाडीने उडवलं. तो वाचला, पण अजून अंथरुणाला खिळून आहे. त्यानंतर आम्ही काही जणांनी पादचाऱ्यांचा मंच काढायचं ठरवलं. व्हॉट्सॲप गटात दीडशेवर लोक आले. पहिल्या बैठकीला चाळीस जण होते, तिसऱ्या बैठकीला सात. उद्दिष्टांची यादी अकरा कलमांची झाली आहे. नोंदणी करायची का, अध्यक्ष कोण, यातच दोन बैठका गेल्या. एक लोकप्रतिनिधी मदतीला तयार आहेत, पण त्यांना मानद अध्यक्षपद हवं आहे. तरुण मंडळी म्हणतात रस्ता अडवू, ज्येष्ठ म्हणतात निवेदन देऊ. दुकानदार आतापासूनच नाराज आहेत. मला हे काम मनापासून करायचं आहे, पण कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही."
— एक पादचारी

ताई,

तिसऱ्या बैठकीला सात जण आले, हे तुम्ही हताश होऊन लिहिलं आहे. मला मात्र तुमच्या पत्रातली तीच ओळ सगळ्यात आशादायक वाटली. पहिल्या बैठकीला चाळीस जण आले ते अपघाताच्या धक्क्याने. धक्का ओसरला की माणसं आपापल्या संसाराला लागतात, आणि त्यात गैर काही नाही. हे सात जण धक्का ओसरल्यावरही आले. तुमचा मंच उभा राहिला तर त्यांच्याच जिवावर राहील.

न आलेल्यांवर रागावू नका. मॅन्सर ओल्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. जी गोष्ट मिळाली की सगळ्यांनाच मिळणार आहे, तिच्यासाठी झटायला मोठ्या समूहातले लोक सहसा पुढे येत नाहीत. सिग्नलची वेळ वाढली तर बैठकीला कधीच न आलेला माणूसही त्याच हिरव्या दिव्यात रस्ता ओलांडणार, हे त्यालाही ठाऊक असतं. याउलट ज्या थोड्या लोकांना आपलं काही जाईल अशी भीती असते, ते लगेच एकत्र येतात. तुमचे दुकानदार तुमच्याआधी एकजुटीने बोलू लागले ते त्यामुळेच. तेव्हा दीडशे लोकांना बैठकीला कसं आणायचं यात शक्ती घालवू नका. सात जणांनी काय करायचं ते ठरवा आणि दीडशे जणांकडून छोटी छोटी कामं मागा. ती कशी मागायची ते पुढे सांगते.

आता ती अकरा कलमं. त्यातली दहा बाजूला ठेवावी लागतील. हे जिवावर येतं, कारण प्रत्येक कलमामागे कुणाचा तरी जीव गुंतलेला असतो. एकाला फुटपाथ हवेत, दुसऱ्याला वेगमर्यादा, तिसऱ्याला शाळांच्या अभ्यासक्रमात वाहतुकीचा धडा. सगळं खरं आहे आणि सगळं गरजेचं आहे. पण अकरा मागण्यांचं निवेदन घेणारा अधिकारी सर्वात सोपी मागणी निवडतो, बहुधा एखादा फलक लावतो, आणि "मागण्यांवर कार्यवाही सुरू आहे" असं उत्तर देतो. ते उत्तर खोटं आहे असं तुम्हाला म्हणता येत नाही.

१७८७ च्या मे महिन्यात लंडनमधल्या एका छापखान्यात बारा जण जमले. त्यातले नऊ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. गुलामगिरीविरुद्ध समिती काढायची होती आणि पहिलाच प्रश्न असा आला, की मागणी गुलामगिरी संपवण्याची करायची की फक्त गुलामांच्या व्यापाराची? ग्रॅनव्हिल शार्प हे त्यांच्यातले ज्येष्ठ. मागणी आखडती घ्यायला त्यांचा विरोध होता. शेवटी समितीने व्यापारावरच बोट ठेवलं, कारण व्यापार जहाजांवरून चालत होता आणि जहाजांबद्दल कायदा करणं ब्रिटिश संसदेच्या थेट हातात होतं. व्यापारबंदीचा कायदा १८०७ मध्ये झाला. गुलामगिरी संपवणारा कायदा व्हायला १८३३ उजाडलं. म्हणजे मागणी छोटी ठेवण्याची किंमत होती आणि ती त्या बारा जणांनी मोजली नाही, वसाहतींमधल्या मळ्यांवर राबणाऱ्या माणसांनी मोजली. शार्प यांचा विरोध चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. तुमच्या दहा कलमांचंही असंच आहे. ती मागे ठेवताना कुणाला थांबावं लागणार आहे हे बैठकीत मोठ्याने बोला, ती यादी जपून ठेवा आणि पहिली मागणी मान्य झाली की दुसरी कोणती, हेही आजच ठरवा. असं केलंत तर ज्याचं कलम मागे पडलं तो माणूस तुटत नाही.

छोटी मागणी म्हणजे मिळमिळीत मागणी, असं तुमच्या तरुण मंडळींना वाटू शकतं. त्यांना माँटगोमेरीची गोष्ट सांगा. डिसेंबर १९५५ मध्ये त्या अमेरिकी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. आज आपल्याला वाटतं की त्यांची मागणी पहिल्या दिवसापासून बसमधला वर्णभेद संपवण्याची असेल. तशी ती नव्हती. चालकांनी सभ्यपणे वागावं, जो आधी येईल त्याला जागा मिळावी, कृष्णवर्णीय मागून आणि गोरे पुढून बसत यावेत, आणि कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक नेमावेत, एवढंच ते मागत होते. शहराने आणि बस कंपनीने तेही नाकारलं. इतकी साधी गोष्टही द्यायची नाही म्हटल्यावर आडमुठेपणा कुणाचा हे जगाला दिसलं, लढा न्यायालयात गेला, आणि ३८१ दिवसांनी बहिष्कार संपला तेव्हा बसमधला वर्णभेदच बेकायदा ठरला होता. आणखी एक गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. बहिष्काराची हाक देणारी हजारो पत्रकं तिथल्या कार्यकर्त्या जो ॲन रॉबिन्सन यांनी एका रात्रीत काढली, पण त्यांची महिला परिषद १९४६ पासून काम करत होती. बसमधल्या वागणुकीबद्दल त्यांनी महापौरांना १९५४ मध्येच लेखी कळवलं होतं. म्हणजे जग ज्याला अचानक झालेला उठाव समजलं, त्यामागे नऊ वर्षं चाललेला एक गट होता.

तर तुमची मागणी कोणती? माझ्या मते ती तुमच्या पत्रातच आहे: त्या एका सिग्नलवर चालणाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद असावा. तेवढीच. आणि ती सेकंदांच्या आकड्यात मागा. "पुरेसा वेळ द्या" असं म्हणाल तर आहे तो वेळ पुरेसा आहे असं उत्तर येईल.

आकडा काढायची रीत अवघड नाही. रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. समजा ते १८ मीटर भरलं. सिग्नलची वेळ ठरवताना अनेक देशांत चालणाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने १५ सेकंद होतात आणि कागदावर सगळं ठीक दिसतं. पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका अभ्यासात ६५ वर्षांवरच्या पुरुषांचा चालण्याचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर निघाला. ०.८ ने भागलं की तेच १८ मीटर ओलांडायला साडेबावीस सेकंद लागतात. म्हणजे साडेसात सेकंद कमी पडतात, आणि तुमची म्हातारी माणसं दुभाजकावर अडकतात ती नेमकी त्या साडेसात सेकंदांत. यात त्यांचा दोष नाही. ज्या वेगाने त्यांनी चालावं असं गृहीत धरलंय, त्या वेगाने बहुतेक म्हातारी माणसं चालूच शकत नाहीत. हे एकदा आकड्यांत मांडलंत की चर्चा "लोकांना शिस्त नाही" या वळणावर जात नाही.

हा हिशेब झाला कागदावरचा. त्याला प्रत्यक्ष मोजणीची जोड द्या. शाळा सुटताना, दवाखान्याच्या वेळेत आणि संध्याकाळी, अशा तीन वेळा निवडा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोघं दोघं उभं राहायचं. एकाने मोबाइलवरचं घड्याळ सांभाळायचं आणि तोंडाने सांगायचं, दुसऱ्याने वहीत उतरवायचं. हिरवा लागला की किती जण उतरले, लाल लागला तेव्हा किती जण अजून रस्त्यावर होते, त्यातले किती दुभाजकावर थांबले, किती जणांना पळावं लागलं. हातात काठी, कडेवर मूल, जड पिशवी असेल तर तशी खूण करायची. मोजताना वाहनचालकांशी एक शब्दही वाद घालायचा नाही, त्या दिवशी तुम्ही फक्त मोजणारे. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो काढू नका. आणि गाड्यांची रांगही मोजा: लाल दिव्याला किती गाड्या साचतात आणि हिरव्यात त्या सगळ्या निघून जातात की नाही.

गाड्या कशाला मोजायच्या, असं तुमच्यापैकी कुणीतरी नक्की विचारेल. त्या लंडनच्या समितीतल्या थॉमस क्लार्कसन यांच्याकडून मी हे शिकले. गुलामांच्या व्यापाराचे समर्थक म्हणत, हा व्यापार म्हणजे आपल्या खलाशांची शाळा आहे, तो बंद केला तर आरमाराला माणसं कुठून मिळतील? क्लार्कसन ब्रिस्टल आणि लिव्हरपूलच्या बंदरांत गेले, गुलामवाहू जहाजांच्या खलाशांचे हजेरीपट त्यांनी तपासले आणि दाखवून दिलं की या जहाजांवर खलाशीच मोठ्या संख्येने मरतात. गुलामांच्या हालअपेष्टा ऐकून ज्यांचं मन द्रवत नव्हतं, त्यांना त्यांच्याच काळजीतून उत्तर मिळालं. आपल्याकडे राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या. तिथेही सरकारी कामांचे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले गेले आणि ज्यांची नावं कागदावर होती ते लोकच उठून सांगू लागले की आपण त्या कामावर गेलोच नव्हतो. मजुरीच्या त्या भांडणातून माहिती अधिकाराची मागणी उभी राहिली आणि २००५ मध्ये देशभरासाठी कायदा झाला. दोन्ही ठिकाणी पुरावा समोरच्याच दप्तरातला होता. तुम्हाला सांगितलं जाईल की हिरवा वाढवला तर वाहतूक तुंबेल. गाड्यांच्या रांगेचे आकडे तुमच्याकडे असतील तर तुम्ही म्हणू शकाल, की दोन आठवडे प्रयोग करून पाहा, रांग किती वाढते ते आपण मिळून मोजू. कायमच्या बदलाला नकार देणं सोपं असतं, दोन आठवड्यांच्या प्रयोगाला नकार द्यायला कारण शोधावं लागतं.

मग प्रश्न येतो, ही मागणी कुणाच्या सहीने मान्य होते? हे ठाऊक नसताना निघालेले मोर्चे मी पाहिले आहेत आणि ते पाहून वाईट वाटतं, कारण माणसं ऊन सोसून ज्या दारात जातात त्या दारामागे तो अधिकारच नसतो. सिग्नलची वेळ कुठे पालिकेचा वाहतूक विभाग ठरवतो, कुठे वाहतूक पोलीस, आणि रस्ता महामार्गाचा भाग असला तर तिसरंच खातं मध्ये येतं. म्हणून पहिली फेरी काहीही न मागता मारा. दोघांनी जायचं आणि विचारायचं: या सिग्नलची वेळ कोण बदलतं, शेवटची कधी बदलली, बदलायची असेल तर काय लागतं? हे सांगणारा माणूस बहुधा एखादा कनिष्ठ अभियंता किंवा कारकून असतो. त्याच्याशी नीट वागा. पुढे वर्षभर फाइल कुठे अडकली आहे हे तुम्हाला तोच सांगणार आहे.

या सहीवरून अमेरिकेतल्या अपंगांच्या लढ्याची आठवण होते. सरकारी पैशावर चालणाऱ्या कुठल्याही ठिकाणी अपंगांना डावलता येणार नाही, असं कलम तिथे १९७३ मध्येच मंजूर झालं होतं. पण ते अमलात यायला नियम हवे होते, आणि नियमांवर संबंधित मंत्र्याची सही चार वर्षं होत नव्हती. एप्रिल १९७७ मध्ये अपंगांच्या संघटनांनी तारीख दिली: अमुक दिवसापर्यंत, एकही शब्द न बदलता सही करा. तारीख उलटली आणि दुसऱ्याच दिवशी ५ एप्रिलला अनेक शहरांतल्या सरकारी कार्यालयांत लोक जाऊन बसले. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये शंभरावर माणसं बसली ती उठलीच नाहीत. त्यात चाकाच्या खुर्चीतली होती, अंध होती, कर्णबधिर होती. कार्यालयाचे फोन तोडले गेले, तेव्हा कर्णबधिर कार्यकर्ते खिडकीत उभे राहून हातांच्या खुणांनी बाहेरच्यांशी बोलले. जेवण ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने पुरवलं. २८ एप्रिलला सही झाली.

तुमच्या तरुणांचं आणि ज्येष्ठांचं भांडण इथे सुटतं, असं मला वाटतं. निवेदन की रस्त्यावर उतरणं, हा निवडीचा प्रश्न नाही, क्रमाचा आहे. आधी आकड्यांसह लेखी अर्ज, त्यावर पोच, उत्तरासाठी ठरावीक तारीख. तारखेच्या आठवडाभर आधी आठवणीचं पत्र. तारीख उलटली की मग सगळ्यांना दिसेल अशी कृती. आधीच रस्ता अडवलात तर तुम्हाला काय हवं होतं हे कुणी विचारणार नाही, वाहतूक किती वेळ खोळंबली तेवढीच बातमी होईल. आणि नुसती निवेदनं देत राहिलात, तारीख घातलीच नाही, तर तरुण निघून जातील, आणि त्यांचं बरोबर असेल.

ती कृती काय असावी यावर माझं मत स्पष्ट आहे: तो रस्ता अडवू नका. तिथे दवाखाना आहे. बसथांबा आहे, म्हणजे बसमध्ये खोळंबणारे बहुतेक लोक उतरून चालणारेच, तुमचेच. त्यापेक्षा पट्ट्यांवरून रीतसर चालून दाखवा. वीस-पंचवीस जणांनी, त्यात निम्मे साठीच्या पुढचे, प्रत्येक हिरव्या दिव्याला उतरायचं आणि आपल्या नेहमीच्या वेगाने ओलांडायचं. न धावता. लाल लागला की जिथे असाल तिथून दुभाजकावर थांबायचं. तासभर हे चाललं की दुभाजकावर दाटीवाटीने उभी राहिलेली माणसं पाहून आणखी काही सांगावं लागत नाही. वाहतूक पोलिसांना आधी लेखी कळवा, सुरक्षेसाठी दोन्ही टोकांना स्वयंसेवक ठेवा, पत्रकारांना बोलवा, आणि संबंधित अभियंत्यालाही आदराने बोलवा. त्याला स्वतः एखाद्या आजींचा हात धरून ओलांडायची विनंती करा.

आता त्या मुलाबद्दल. खरं तर हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. तुमचा मंच त्याच्या अपघातातून जन्मला, म्हणून त्याचा फोटो, त्याचं नाव, त्याची खाट तुमच्या फलकावर घ्यायचा अधिकार तुम्हाला मिळत नाही. त्याच्या आईवडिलांकडे जा. पहिल्या भेटीत मंचाचा विषयच काढू नका, त्यांना काय मदत हवी ते विचारा. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत सांगा की आम्ही असं असं करतो आहोत, तुमची इच्छा असेल तेवढंच तुमचं नाव येईल, आणि आज हो म्हटलंत तरी उद्या नाही म्हणू शकता. ते नको म्हणाले तर तुमच्या मोजणीतले आकडे पुरेसे आहेत. १९७२ मध्ये नेदरलँड्समध्ये व्हिक लँगेनहॉफ या पत्रकाराने मुलांच्या रस्त्यावरच्या मृत्यूंवर लेख लिहिला, त्याला स्वतःची मुलगी अपघातात गेल्याचं दुःख होतं. आदल्या वर्षी त्या छोट्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली होती, त्यात चारशेहून अधिक मुलं. त्या लेखाच्या मथळ्यावरून, "बालहत्या थांबवा" या अर्थाच्या नावाने, पालकांची चळवळ उभी राहिली. पण ते दुःख त्याचं होतं आणि ते जगासमोर मांडायचं त्याने स्वतः ठरवलं. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल हे आपल्याला ठरवता येत नाही.

त्या डच पालकांकडून आणखीही घेण्यासारखं आहे. त्यांनी सायकलींचे मोर्चे काढले, अपघाताच्या जागा लोकांसमोर आणल्या, रस्ते बंद करून तिथे मुलांना खेळू दिलं. आणि त्याच वेळी रस्त्यांची आखणी करणाऱ्यांबरोबर बसून सुरक्षित रस्ता कसा असतो याचे आराखडेही केले. १९७६ मध्ये तिथे निवासी गल्ल्यांसाठी वेगळे नियम कायद्यात आले, ज्यात चालणारे आणि खेळणारे आधी, गाडी नंतर. दडपण आणणारे आणि तोडगा काढणारे लोक एकाच चळवळीत होते. तुमच्या मंचातही कुणाला तरी सिग्नलची आखणी नीट समजून घ्यावी लागेल. सातांपैकी कुणाला आकड्यांची आवड असेल तर हे काम त्याला द्या.

लोकप्रतिनिधींचा प्रश्न लवकर उरकते. अध्यक्षपद देऊ नका. त्यांची नियत चांगली असेलही, पण त्यांच्या विरोधकांना तुमचा मंच त्यांचा वाटेल आणि निवडणुकीत ते पडले की तुमची फाइलही पडेल. त्यांना सांगा, "आमच्यात मानाची पदंच ठेवलेली नाहीत, पण तुमचं एक पत्र आम्हाला फार उपयोगी पडेल." पत्राचा मजकूर तुम्हीच लिहून न्या, आणि तोच मजकूर घेऊन इतर पक्षांच्या लोकांकडेही जा. चार पक्षांची एकाच मजकुराची चार पत्रं अर्जाला जोडली की टेबलापलीकडच्या माणसाला सही करणं सोपं होतं.

नोंदणी आत्ता नको. पैसे गोळा करायचे असतील, बँकेत खातं हवं असेल किंवा न्यायालयात जायची वेळ आली, तर तेव्हा जाणकाराला विचारून करा. पण नोंदणी नाही म्हणजे नियम नाहीत, असं होऊ देऊ नका. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीत काम केलेल्या जो फ्रीमन यांनी १९७० च्या सुमारास एक गोष्ट ठासून सांगितली: आमच्यात कुणी पुढारी नाही असं म्हणणाऱ्या गटातही सत्ता असतेच, ती फक्त मैत्रीच्या आड लपलेली असते, आणि लपलेल्या सत्तेला जाब विचारता येत नाही. म्हणून एका पानावर लिहा: मंचाच्या वतीने कोण बोलणार, निर्णय कसा होणार, मतभेद झाला तर काय, खर्च कोण लिहिणार. कामं नावानिशी वाटा. एकाने फाइल सांभाळायची, प्रत्येक अर्जाची पोच आणि तारीख तिच्यात. एकाने कार्यालयात जायचं, दर वेळी तोच चेहरा, सोबत कुणीतरी नवा. एकाने हिशेब, दहा रुपये आले तरी लिहून. आणि एकाने माणसं जोडायची. हे शेवटचं काम तुम्ही घ्या. शिक्षिका आहात, कुणाला काय जमेल हे तुम्हाला चटकन कळत असणार.

माणसं जोडायची म्हणजे गटात संदेश टाकायचा नाही. "सर्वांनी यावे" हा संदेश दीडशे जण वाचतात आणि प्रत्येकाला वाटतं तो उरलेल्यांसाठी आहे. फोन करा, आणि नेमकं मागा: "मंगळवारी शाळा सुटताना अर्धा तास पट्ट्याजवळ उभं राहून मोजाल का?" बैठकीला कधीच न येणारा माणूस याला हो म्हणतो, आणि अर्धा तास तिथे उभा राहिला, म्हाताऱ्या माणसाला दुभाजकावर घाबरून उभं राहिलेलं त्याने पाहिलं, की तो पुढच्या वेळी न बोलावता येतो. जमणार नाही म्हणाला तर दुसरं काही मागा, छपाई, भाषांतर, मुलांना सांभाळणं. आधीचा दीडशेंचा गट फक्त सूचनांसाठी ठेवा, सातांचा वेगळा करा. आणि बैठक एका तासाच्या वर नेऊ नका, प्रत्येक बैठकीच्या शेवटी कोण, काय, कधी, हे वहीत उतरवा.

दुकानदारांकडे अर्ज देण्याआधी जा. त्यांची नाराजी बहुधा सिग्नलवर नसेलच. आपल्या दारासमोरची गाड्या लावायची जागा जाईल, माल उतरवायला अडचण होईल, अशी धास्ती असेल. तुमच्या मागणीत तसं काही नाही हे त्यांना कागद दाखवून सांगा. दिवसभर त्या चौकात तेच बसलेले असतात, कुठल्या वेळी गाड्या सुसाट येतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसेल. त्यातला एकजण जरी मोजणीत सामील झाला तरी हवा बदलते.

मागणी मान्य झाली तर ज्यांनी सही केली त्यांना नाव घेऊन जाहीर आभाराचं पत्र द्या, आणि महिन्याभराने पुन्हा मोजा, कारण सिग्नलच्या वेळा कुणाच्या लक्षात न येता पूर्ववत होतात. नाकारली तर कारण लेखी मागा. तोंडी नकारावर पुढे काही करता येत नाही, लेखी नकार घेऊन वरच्या अधिकाऱ्याकडे, सभागृहात, वृत्तपत्राकडे जाता येतं.

पुढच्या बैठकीत बाकी विषय नकोत, मोजणीची तारीख तेवढी ठरवा. परीक्षेचे दिवस आणि सुट्ट्यांचा आठवडा टाळा. शाळा नेहमीसारखी भरलेली असताना काढलेलेच आकडे टिकतील. आकडे हाती आले की अर्जाचा मसुदा मला पाठवा, मी वाचून कळवेन.